तांब्याचं चाक, भिजलेलं पिंप

मी मॅग्नेशियमच्या कारखान्यात होतो असं सांगितलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "म्हणजे ते जुलाबाचं औषध का?" दुसरा विचारणारे जरा शिकलेले असतात. ते म्हणतात, "परभणीत? मॅग्नेशियम?" आणि हसतात. पहिल्या प्रश्नाचा मला राग येत नाही. दुसऱ्याचा येतो, कारण हसणाऱ्याचं बरोबर असतं.

परभणीहून पेडगावकडे जाताना रस्त्याला लागून आमची पत्र्याची शेड होती. एका अंगाला ज्वारी, दुसऱ्या अंगाला कापूस, मधे आम्ही. मागास भागात कारखाना काढला की सवलती मिळत, त्यामुळे लोखंड कुठलं आणि जस्त कुठलं हे ज्यांना उचलून सांगता आलं नसतं अशांनीही त्या वर्षांत कारखाने काढले. आमचे मालक त्यातलेच. मूळ धंदा सरकीचा. सगळे त्यांना अप्पा म्हणत. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, बोलणं मऊ. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसावर लोक निदान डोळा ठेवून असतात. अप्पांवर कुणी ठेवला नाही.

अप्पांना हा नाद लावला डॉक्टरसाहेबांनी. रोग्यांचे डॉक्टर नव्हेत, धातूंचे. परदेशात काही वर्षं राहून आलेले. त्यांनी एक गुळगुळीत माहितीपत्रक छापून घेतलं होतं. त्यावर विमानाचं चित्र आणि खाली ओळ, 'उद्याचं विमान परभणीच्या धातूचं'. तेव्हा परभणीहून एस.टी. वेळेवर सुटत नव्हती. नामांतराचा बंद असला की सुटतच नव्हती. पण विमान उडणार होतं.

आता मी कोण ते सांगतो. मी गडहिंग्लजकडचा. सातवीत शाळा सुटली. कोल्हापूरला फौंड्रीत मूस उतरवायला शिकलो. मूस म्हणजे ज्यात धातू वितळवतात ते भांडं. ती फौंड्री बंद पडली, आणि एका ट्रकवाल्यानं सांगितलं की परभणीला भट्टीवर माणूस पाहिजे. घरी आई आणि लग्नाच्या दोन बहिणी. मी पिशवी उचलली. आलो तेव्हा शेडच्या दारावर कागद लावलेला, 'आयटीआय पास असणे आवश्यक'. माझ्याकडे सातवीचाही कागद नव्हता.

मला आत घेतलं ते इस्माईलचाचांनी. चाचा रेल्वेतून निवृत्त झालेले जुने ओतारी, राहायला चुडाव्याला, रोज पॅसेंजरनं यायचे. आमच्याकडे धातू दाबायची प्रेस चालवायचे. त्यांनी मला एक मूस उतरवायला लावली, डॉक्टरसाहेबांसमोर. मग म्हणाले, "देखे साब? एक ठिपका बाहर नईं पड़ा."

"पण सर्टिफिकेट?" डॉक्टरसाहेब म्हणाले.

"कागज कू मूस उतारने आता क्या? मेरी जिम्मेदारी पे रखो इसकू."

ठेवलं. कारकुनानं रजिस्टरात माझ्या नावापुढं 'शिक्षण' या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलं, 'पाहावे'. पुढची सगळी वर्षं ते 'पाहावे' तिथंच राहिलं, शाईचं झालं नाही, खोडलंही गेलं नाही. कुणी ऑफिसात बोलावलं की आधी मला ते आठवायचं आणि मगच पाय उचलायचे.

आता काम काय होतं ते. मॅग्नेशियम अ‍ॅल्युमिनियमपेक्षाही हलकं. हातात घेतलं तर आत पोकळ आहे असं वाटतं. पण नुसतं साच्यात ओतून ठेवलं तर ते ठिसूळ राहतं आणि दमट हवेत खराब होतं. त्याचं कारण त्याच्या पोटात. खडीसाखर कशी करतात माहीत आहे ना? पाक निवांत ठेवला की मोठमोठे खडे धरतात. धातूही सावकाश थंड झाला की त्याच्या पोटात असेच मोठे खडे धरतात, आणि तो त्यांच्या सांध्यांतून तडकतो. बत्ताशाचा पाक थेंबाथेंबानं टाकून चटकन थंड करतात, त्यात खडा धरायला सवडच मिळत नाही. आम्ही मॅग्नेशियमचे बत्तासे करत होतो. (उपमा इथंच सोडतो. बत्तासा बोटानं चुरतो. आमचा माल चुरत नसे.)

एका बंद पेटीत तांब्याचं चाक गरगर फिरत असे. पेटीत हवा नाही, आरगॉन नावाचा वायू भरलेला, कारण वितळलेलं मॅग्नेशियम हवेत पेटतं. वर पोलादी मूस, तिच्या बुडाला बारीक फट. वरून वायूचा दाब दिला की धार चाकाच्या कडेवर पडायची आणि पापणी लवायच्या आत गोठून फीत होऊन उडायची. कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ, चांदीसारखी. काचेतून पाहिलं की मला, खोटं कशाला सांगू, दर वेळी आनंद व्हायचा.

मग त्या फिती कापायच्या, पिंपात कोरड्या ठेवायच्या. लागतील तशा अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात ठासून भरायच्या, डबा तापवत पंपानं आतली हवा ओढून घ्यायची, नळी चिमटून बंद करायची आणि डबा चाचांच्या प्रेसमध्ये. तिथून तापलेल्या भोकातून दाबून सळई निघायची. यात मेख अशी की प्रेस जास्त तापवलात तर पोटातले बारीक खडे पुन्हा मोठे होतात. सगळी मेहनत फुकट. डॉक्टरसाहेबांकडे उष्णता मोजायचं परदेशी यंत्र होतं. चाचांकडे कपडे धुवायच्या साबणाची वडी. प्रेसच्या तापलेल्या लोखंडावर साबणाची रेघ ओढायची, ती किती वेळात तपकिरी होते, किती वेळात काळी, त्यावरून चाचा सांगायचे, आत्ता दाबा, किंवा थांबा. एकदा यंत्र एक सांगत होतं आणि साबण दुसरं. डॉक्टरसाहेबांनी यंत्राचं ऐकलं. त्या दिवशीच्या सळया दिगंबरनं गुडघ्यावर मोडून दाखवल्या. पुढं आठ दिवसांनी कळलं की यंत्राची तार सुटली होती. डॉक्टरसाहेब साबणाला काही म्हणाले नाहीत. त्यांनी अहवालात 'मानवी चूक' असं लिहिलं. माणूस कुठला, ते लिहिलं नाही.

दिगंबर म्हणजे पेडगावचा, घरची थोडी शेती, आमच्याकडे कटाईवर. तोंडानं फटकळ, मनानं भोळा. मला 'कोल्हापूर' म्हणूनच हाक मारायचा. "का ओ कोल्हापूर, तिकडं लय गूळ खाता म्हनं, तरी तोंड एवढं कडू का करायलाव?"

आता आमचा एक नियम. तो कुठल्या पुस्तकातला नव्हता, चाचांनी घातलेला. डबा ज्यानं भरला आणि तापवला, त्यानं मोठ्यानं सांगायचं की आत ओल नाही. त्याशिवाय चाचा प्रेसच्या दांड्याला हात लावत नसत. ओल राहिली तर तापलेलं मॅग्नेशियम पाण्यातून वायू सुटा करतं, तो बंद डब्यात कोंडतो, आणि पुढं काय होतं ते ओताऱ्याला सांगावं लागत नाही. डब्यातली हवा किती निघाली ते दाखवणारा माझ्या पंपाचा काटा चाचांना प्रेसजवळून दिसत नसे. ते ओरडायचे, "सूखा?" मी ओरडायचो, "कोरडं!" मग दांडा खाली. हे शेकडो वेळा झालं असेल.

मी सांगतोय तो दसरा कारखाना सुरू झाल्यानंतरचा तिसरा. मागणी नव्हतीच. फवारणी पंपाचे, कॅमेऱ्याचे, काठ्यांचे व्यापारी येऊन जायचे. बोरीच्या एका पंपवाल्यानं फितीचा तुकडा काडीनं पेटवून पाहिला, भुवया जाळून घेतल्या आणि वर म्हणाला, "दिवाळीला द्या की, फुलबाज्या करू." शेवटी पुण्याकडची एक पार्टी सळया बघायला तयार झाली. ती घेणार असेल तर कारखाना चालणार, नाही तर टाळं. हे अप्पांनी आम्हा सगळ्यांना उभं करून सांगितलं. मग मुहूर्त काढला, दसऱ्याचा. आणि आदल्या दिवशी खंडेनवमीची पूजा जोरात करा म्हणाले.

खंडेनवमीला यंत्रं-हत्यारं धुवून पुसून त्यांची पूजा करायची, ही सगळीकडची रीत. कोल्हापूरलाही आम्ही करायचो. पण तिथं मेस्त्री शहाणे होते, भट्टीची हत्यारं ओल्या फडक्यालासुद्धा लागू देत नसत. इथं मी नेमका नांदेडला आरगॉनचे सिलिंडर आणायला गेलो होतो आणि चाचा नमाज आणि औषधं दोन्हीसाठी घरी. शेडमध्ये अप्पा, त्यांचे स्वामी, डॉक्टरसाहेब, दिगंबर आणि उत्साह. एवढ्या जणांत आपण काय हाताळतोय हे माहीत असलेला एकच होता, तो म्हणजे डॉक्टरसाहेब, आणि तो प्रसाद वाटत होता.

दसऱ्याला सकाळी मी आलो तर शेड चकाकत होती. झेंडूच्या माळा. तांब्याच्या चाकाच्या कडेवर, जिथं धार पडते तिथंच, भस्माचे तीन-तीन पट्टे, चार ठिकाणी, तेलात कालवून ओढलेले.

"हे कुणी?"

"स्वामींनी. पुसायचं न्हाई म्हनले अप्पा, आजचा दिस," दिगंबर म्हणाला. "आन् समदं धुतलंय बगा आमी. लय चकाचक."

"समदं म्हणजे?"

"समदं. पळ्या, चिमटे. तुमचं पिंप पन."

मी पिंपाकडे वळलो. "पिंप बाहेरून धुतलंस ना?"

"बाहेरूनच की. पन झाकन काडलं होतं. बंद झाकनाला तीर्थ कसं लागंल आतल्या मालाला? स्वामींनी तांब्यानं शिपडलं. बेलाचं पान ठिवलंय वर."

मी झाकण काढलं. वर खरंच बेलाचं पान होतं, हिरवंगार. त्याच्या खालच्या फिती काळवंडल्या होत्या. हात घातला तर आत ऊब. ओल्या मॅग्नेशियमची ती ऊब ज्यानं एकदा अनुभवली तो विसरत नाही.

मी डॉक्टरसाहेबांकडे गेलो. त्यांनी टाय बांधला होता, परभणीच्या ऑक्टोबरात.

"साहेब, पिंपात पाणी गेलंय. चाकावर तेल आहे. आजचं पुढं ढकला."

"किती पाणी?"

"तांब्याभर तरी."

"वरचा थर काढून टाक. बाकीचं हीटरवर वाळव."

"त्याला एक दिवस लागतो साहेब."

"तासभर वाळव. आणि हे बघ," ते आवाज न चढवता म्हणाले, "आज तुझ्यामुळे काही अडलं तर मला ते रजिस्टर उघडावं लागेल. तुझं अजून 'पाहावे' आहे."

मी चाचांना सांगायला पाहिजे होतं. चाचा दहाच्या पॅसेंजरनं आले, आणि त्याच वेळी पार्टीची जीप आली. हे मी कारण म्हणून सांगत नाही, झालं तसं सांगतोय. प्रेस दहा पावलांवर होती.

पार्टीत तिघं होते. प्रमुख एक निवृत्त मेजर. अप्पांनी तिघांना चपला-बूट काढायला लावून हळदीकुंकू लावलं. मग चाक सुरू केलं. पळ्या मी आधीच भट्टीवर तापवून कोरड्या केल्या होत्या, तेवढी अक्कल होती. धार सोडली, आणि फीत उडायला लागली, पण अखंड नाही. तेलातल्या भस्माला धातू चिकटेना. दर फेऱ्याला, जिथं पट्टे होते तिथं, फितीत फटी. तीन फटी, मग थोडी फीत, मग परत तीन फटी. अशी फीत मी जन्मात पाहिली नव्हती.

मेजरसाहेबांनी काचेतून पाहिलं. "ही भोकं मुद्दाम आहेत का?"

डॉक्टरसाहेब क्षणभरही अडखळले नाहीत. "होय. कटिंगला सोपं जातं. आमचं स्वतःचं डिझाइन."

दिगंबरनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मेजरसाहेब वहीत काहीतरी लिहीत होते. अप्पा हात जोडून उभे होते. आपल्या स्वामींनी नवं डिझाइन काढलं याचं त्यांना समाधान वाटलं असावं.

पण त्या फिती कामाच्या नव्हत्या, हे डॉक्टरसाहेबांनाही कळत होतं. सळई दाखवायची तर पिंपातलाच माल, तासभर वाळवलेला. डबा मी भरला. माझ्या हातांनी. तापवला, पंप लावला. काटा खाली यायला लागला आणि अर्ध्यावर थांबला. तिथंच थरथरत राहिला. म्हणजे आतून वाफ निघतेय, निघतेय, संपत नाही. मी डॉक्टरसाहेबांना काटा दाखवला. त्यांनी काचेवर टिचकी मारली. "गेज खराब आहे." आणि इंग्रजीत मेजरसाहेबांना काहीतरी सांगून हसले. मग माझ्याकडे वळून, ओठ न हलवता, "नळी बंद कर."

मी नळी चिमटली. डबा चिमट्यानं उचलून प्रेसमध्ये ठेवला. चाचांनी साबणाची रेघ पाहिली. मान डोलावली. मग नेहमीप्रमाणे, पाहुण्यांमुळे जरा जास्तच ऐटीत, ओरडले.

"सूखा?"

सगळे माझ्याकडे बघत होते. अप्पा, मेजर, टाय. माझ्या डोळ्यांपुढं काय होतं सांगू? चाचा नव्हते. रजिस्टरातला तो रकाना होता.

"कोरडं," मी म्हणालो.

आवाज फार मोठा झाला नाही. ट्रकचं टायर बसावं तसा. डब्याचं बूड मागं फुटलं आणि पेटलेल्या फितींचा पांढराशुभ्र फवारा चाचांच्या उजव्या अंगावर आला. मॅग्नेशियमचा उजेड असा असतो की बाकीचं सगळं काळं दिसतं. चाचांच्या ओरडण्यावरूनच ते कुठं आहेत ते कळलं. मी त्यांना ओढलं, पेटता सदरा फाडला. तेवढ्यात दिगंबर पाण्याची बादली घेऊन धावत आला. जळत्या मॅग्नेशियमवर पाणी पडलं असतं तर आम्ही कुणीच राहिलो नसतो. मी लाथेनं बादली उडवली, त्याला आडवा पाडला, आणि कोरडी वाळू ओतत सुटलो. त्या दिवसात मी वेळेवर केलेलं तेवढं एक काम.

पाहुणे पळाले. बूट दाराशी, त्यामुळं अनवाणी, आणि शेडच्या मागं सगळे सराटे. मेजरसाहेब बांधावर बसून तळपायातले काटे काढत होते. डॉक्टरसाहेब त्यांच्या शेजारी. इकडे चाचांना मी आणि दिगंबरनं जीपमध्ये घातलं, ड्रायव्हर नको म्हणत असताना.

चाचांचा उजवा हात कोपरापासून आखडला तो कायमचा. उजव्या डोळ्यानं नंतर धूसर दिसायचं.

चौकशी झाली. सरकारी माणूस आला, सगळ्यांना विचारलं. डॉक्टरसाहेबांनी लेखी दिलं की साहित्य योग्य स्थितीत होतं, प्रेस चालवणाऱ्यानं ठरलेली खात्री केली नसावी. अप्पांनी देवाची इच्छा म्हणून सांगितलं. 'सूखा'चं नाव कुणीच काढलं नाही. माझी पाळी आली तेव्हा माझं तोंड उघडलं होतं, एवढं मी शपथेवर सांगतो. पण त्या माणसानं हात वर केला. "तुमचं नको. त्यांचा जबाब आलाय दवाखान्यातून. ते म्हणतात, मी विचारलंच नाही. वय झालं, विसरलो."

मी उघडलेलं तोंड मिटलं.

चुडाव्याला गेलो ते पंधरा दिवसांनी, आधी धाडस झालं नाही. चाचा बाजेवर बसले होते, हात फडक्यात. त्यांची बायको चहा ठेवून आत गेली. मी रडायला लागलो, तर म्हणाले, "ए, बस कर. औरतां देख रईं."

"चाचा, तुम्ही विचारलं होतं."

"मालूम है मेरे कू. मेरे कान जले नईं."

"मग असं का सांगितलं?"

"मेरे कू रेलवे का पेंशन है. घर है. तेरे पास क्या है? कागज नईं, गाँव पास नईं, दो बहनां. तेरे कू निकाले तो कौन रखता?" मग म्हणाले, "मगर झूट काय कू बोला रे? मेरे कू नईं बोलना था. साब कू बोलता, चलता था."

मी चहा तसाच ठेवून उठलो. 

चाचांच्या जागी प्रेसवर मला घेतलं. बढती म्हणा. माझ्या भट्टीवर नवा माणूस आला. मी "कोरडं?" विचारायचो, तो "कोरडं!" म्हणायचा, आणि दर वेळी मी प्रेस सोडून दहा पावलं चालत जाऊन स्वतः काटा बघायचो. लोक हसायचे. दोन वर्षांनी शेडला टाळं लागलंच. तांब्याचं चाक भंगारात गेलं. अप्पा सरकीकडे परतले, सुखरूप. डॉक्टरसाहेबांचा नंतर कुठंतरी हलक्या धातूंवरच्या कामाबद्दल सत्कार झाला, फोटो मी पेपरात पाहिला. टाय होताच.

मी पुढं बऱ्याच फौंड्र्यांत राहिलो. दोन्ही बहिणींची लग्नं झाली. कागद कुणी विचारला नाही, कारण प्रेसचा अनुभव होता, आणि तो कुणाचा हात घालवून मिळालाय हे कुणी विचारत नाही. चाचा गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांच्या मुलांना आजही असंच वाटतं की म्हाताऱ्याची चूक झाली. त्यांनी घरीही खरं सांगितलं नव्हतं, हे मला मातीला गेलो तेव्हा कळलं. धाकटा मला म्हणाला, "अब्बा भूल गए थे ना उस दिन." मी होय म्हणून मान हलवली. हे माझं दुसरं खोटं.

या लेखात मी सगळ्यांची हजेरी घेतली, कारण ते सोपं होतं. अप्पांना ठाऊक नव्हतं, दिगंबरला ठाऊक नव्हतं, स्वामींना ठाऊक नव्हतं. डॉक्टरसाहेबांना ठाऊक होतं, पण चाचांनी त्यांना विचारलं नव्हतं. ज्याला ठाऊक होतं आणि ज्याला विचारलं, असा त्या शेडमध्ये एकच माणूस होता.

हा लेख छापून आला की तो अंक मी स्वतः चुडाव्याला घेऊन जाणार आहे, चाचांच्या धाकट्याच्या हातात द्यायला. त्याला मराठी वाचता येतं. तुझे अब्बा विसरले नव्हते. त्यांनी मोठ्यानं विचारलं होतं. मी काटा पाहिला होता, आणि कोरडं म्हणालो होतो.